पत्त्याएवढी फट

हार्लन टटल पुनर्वसन केंद्रातून गुरुवारी घरी यायचे होते. म्हणजे ऑरेल पेल्टिएच्या हाती सोमवार, मंगळवार आणि बुधवार असे तीन दिवस होते, आणि या तीन दिवसांत त्याला आपल्या मेहुण्याला आणि भागीदाराला, सिल्वियो ब्रुसाला, एकच वाक्य सांगायचं होतं: शुक्रवारी मी बसलो खरा, पण ते बसणं खरं नव्हतं.

टटलांच्या न्हाणीघरात त्या दोघांनी शुक्रवारी एक टब बसवून पुरा केला होता. टबाची कड वर दिसू नये, तिच्यावरून दगडाचा सलग ओटा यावा आणि दगडातल्या लांबट भोकातून थेट पाण्यात उतरता यावं, असा तो प्रकार. वसंताच्या सुरुवातीला हार्लनना पक्षाघाताचा झटका आला होता. डावा पाय अजून त्यांचं ऐकत नव्हता. बत्तीस वर्षं दगडाच्या शेडमध्ये करवतीवर उभं राहिलेल्या त्या माणसाला संध्याकाळच्या गरम पाण्याची सवय सुटणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांच्या बायकोने, विनीने, हा बेत केला होता. त्यांनी ओट्याच्या पुढच्या पट्टीवर बसायचं, विनीने त्यांचे पाय एकेक करून उचलून आत घालायचे, मग त्यांनी हातावर भार देऊन सरकायचं. हार्लनचं वजन दोनशे तीस पौंड होतं. विनी त्यांच्या खांद्याएवढी.

अशा कामाचं सगळं मर्म एका गोष्टीत असतं. दगडाने लाकडी चौकटीवर बसायचं, टबावर कधीच नाही. टबाची कड पातळ असते. तिच्यावर दगड टेकला आणि दगडावर माणूस टेकला, की आज ना उद्या दोन्हींपैकी एक फुटतं. म्हणून दगड आणि कड यांच्यामध्ये खेळायच्या पत्त्याएवढी फट ठेवायची आणि शेवटी ती सिलिकॉनने भरून घ्यायची. ब्रुसा-पेल्टिए यांच्या कारखान्यात ही फट मोजण्याची एक रीत होती. सिल्वियो ब्रुसाच्या वडिलांनी ती घातली होती आणि सबंध गावाला ती ठाऊक होती. आधी टब गळ्यापर्यंत पाण्याने भरायचा, कारण पाण्याच्या भाराने टब किंचित खाली दबतो आणि रिकाम्या टबाची फट खरी नसते. मग कारखान्यातल्या सर्वांत वजनदार माणसाने पुढच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर बसायचं आणि दुसऱ्याने फटीतून इस्पिकचा गुलाम या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. गुलाम कुठेही न अडता फिरला, तर काम पास. तो गुलाम ज्या पत्त्यांच्या जोडातला, तो जोड केव्हाच हरवला होता, आणि त्याचा चेहराही घासून घासून नाहीसा झाला होता.

सव्वीस वर्षं बसणारा ऑरेल होता. दर जानेवारीत तो दगड तोलायच्या काट्यावर उभा राही आणि सिल्वियो दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने आकडा लिही. दोनशे अठ्ठावन्न, दोनशे पासष्ट, दोनशे बासष्ट. वडिलांचं नावही ऑरेलच असल्यामुळे फ्रेंच रिवाजाप्रमाणे तो जन्मभर 'छोटा ऑरेल' होता, आणि हा विनोद गावाला कधी शिळा वाटला नव्हता. चर्चच्या सभागृहात नव्या खुर्च्या आल्या की पहिली त्याच्याकडे सरकवली जाई. गिऱ्हाइकं दगडाचा रंग पसंत करून झाल्यावर जाता जाता विचारत, "बसायला छोटा ऑरेलच येणार ना?" विनीनेही विचारलं होतं.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या जठराचा मोठा भाग कापून काढावा लागला. जानेवारीत तो इस्पितळात होता, त्यामुळे त्या वर्षीचा आकडा चौकटीवर चढला नाही. एप्रिलमध्ये तो कामावर परतला तेव्हा सिल्वियोने मिठी मारली, जरा बारीक झालास म्हणाला, आणि विषय तिथेच संपला. घरच्या काट्याने सांगितलेला आकडा फक्त ऑरेलला आणि त्याची बायको लीनाला माहीत होता. एकशे अठ्ठ्याऐंशी. लीनाने त्याच्या रविवारच्या विजारी शिवून आत घेतल्या होत्या; कामाच्या विजारींना मात्र त्याने हात लावू दिला नव्हता. तो दोन सदरे घाली, वर जाड लोकरी चौकड्यांचं जाकीट, आणि पट्टा ओढून विजारीची चुणी जाकिटाखाली दडवी.

हा निव्वळ गर्व होता असं म्हणणं सोपं आहे. परंतु त्या गावात बारीक होण्याला एक इतिहास होता. ऑरेलचा आजा शेडमधल्या धुळीने गेला, सिल्वियोचाही तसाच गेला. त्या काळी एखादा दगडकाम्या बारीक होऊ लागला की लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागत, त्याच्या हातातलं जड सामान न विचारता काढून घेत, आणि त्याच्या बायकोला वाटेत थांबवून तब्येत विचारत. धूळ गेली, पण तो हळू आवाज गावाच्या गळ्यात राहिला होता. ऑरेलला त्या आवाजाची मरणाहून अधिक धास्ती होती.

शुक्रवारी नेमकं काय घडलं ते त्याला एकेका कृतीनिशी आठवत होतं. टबातलं पाणी फिरवणाऱ्या पंपाकडे हात जावा म्हणून चौकटीला एक छोटं दार ठेवावं लागतं. ते टबाच्या पायांकडच्या बाजूला ठरलं होतं. पण तिथे भिंतीतला गरम पाण्याचा नळ आडवा आला, आणि ऐन वेळी दार समोरच्या बाजूला, बरोबर मध्यावर घ्यावं लागलं. त्यासाठी सिल्वियोने मधला खांब काढला आणि दाराच्या डोक्यावर एक लाकूड टाकलं. जागा कमी, म्हणून ते त्याने कडेवर उभं न घालता चपटं, आडवं घातलं. उभं लाकूड भार पेलतं, आडवं लवतं. हे दोघांनाही ठाऊक होतं. "दगडच एवढा जाड आहे," सिल्वियो म्हणाला होता, "शिवाय तू बसणारच आहेस."

मग टब भरला आणि तो बसला. बसताना त्याला जाणवलं, की एरवी बसल्यावर खाली सगळं 'घट्ट' होतं, तसं काही झालं नाही; दगडाने त्याची दखलच घेतली नाही. सिल्वियो टबावर ओणवा होऊन गुलाम सरकवत होता. मध्यावर त्याचा हात क्षणभर थांबला.

"जातोय?" ऑरेलने विचारलं.

"जातोय," सिल्वियो म्हणाला.

तासाभराने सिलिकॉन भरून झालं होतं.

सोमवारी ऑरेलने वाक्य जुळवलं. पण सिल्वियो सकाळपासून हरणाच्या शिकारीचा मोसम उघडण्याबद्दल बोलत होता, या खेपेस कुठे मचाण बांधायचं ते नकाशावर दाखवत होता, आणि वाक्य राहून गेलं. मंगळवारी त्यांनी एका स्वयंपाकघराचा ओटा चढवला. सिल्वियोने दगडाची जड बाजू स्वतःकडे घेतली. अलीकडे तो नेहमीच ती घेई. त्या दिवशी ऑरेलला ते दिसलं, आणि दिसल्यावर बोलणं आणखी अवघड झालं. संध्याकाळी लीना म्हणाली, "तू सांगणार नसशील तर मी सांगते. माझाच भाऊ आहे तो." त्याने उद्या नक्की, असा शब्द दिला.

बुधवारी सकाळी मात्र तो आधी कारखान्यात गेला नाही. त्याने मनाशी एक तोड काढली होती. ग्रॅनाइटचे तुकडे एका कॅनव्हासच्या पिशवीत भरून तोलले: चौऱ्याहत्तर पौंड, म्हणजे जेवढा तो हरवला होता तेवढा. ही पिशवी मांडीवर घेऊन पट्टीवर बसायचं, काय होतं ते पाहायचं. काही झालं नाही, तर कुणाला काही सांगायलाच नको. विनीला सांगायचं, सिलिकॉन वाळलं का ते बघायला आलोय. पिशवी गाडीपर्यंत नेताना त्याला दोनदा खाली ठेवावी लागली, आणि हे वजन आपण कालपरवापर्यंत अंगावर वागवत होतो, याचं त्याला नवल वाटलं.

विनीने दार उघडलं तेव्हा घरात तळलेल्या डोनटचा वास होता आणि तिचा चेहरा फुललेला होता. तिने त्याला बोलूच दिलं नाही. केंद्रावर खाट हवी होती म्हणून त्यांनी हार्लनना सोमवारीच घरी पाठवलं. आणि काल संध्याकाळी, सात महिन्यांनी, त्यांनी पहिल्यांदा आंघोळ केली. अर्धा तास पाण्यात होते. बाहेर आल्यावर रडले, पण ते तू कुणाला सांगू नकोस, असं तिने हसत बजावलं. "मी पाय उचलला तेव्हा एकदा टक् असा आवाज झाला," ती म्हणाली. "मी घाबरले. तर हे म्हणतात, नवीन लाकूड आहे, बोलणारच."

डोनटची ताटली पुढे करत ती त्याला न्हाणीघराकडे घेऊन गेली. ऑरेलने पिशवी खाली ठेवली आणि तो गुडघ्यांवर बसला. पुढच्या पट्टीखाली, बरोबर मध्यावर, वीतभर लांबीत सिलिकॉन दगडापासून सुटलं होतं. केसाएवढी रेघ. दुसऱ्या कुणाला ती दिसलीही नसती.

तो उठला, पट्टीवर बसला आणि पिशवी ओढून मांडीवर घेतली. मग मान वाकवून आत पाहिलं. रेघ मिटली होती. पिशवी उतरवली, तशी ती पुन्हा उघडली. त्याने तेच आणखी एकदा केलं, जणू दुसऱ्या खेपेला दगड आपलं मत बदलेल.

"ऑरेल."

हार्लन दारात उभे होते, वॉकरवर दोन्ही हात टेकून. त्यांचं बोलणं झटक्यानंतर संथ झालं होतं, एकेक शब्द काठावरून उचलून आणल्यासारखं. ऑरेल एकोणिसाव्या वर्षी शेडमध्ये लागला तेव्हा करवतीचं पातं कसं ऐकायचं ते त्यांनीच त्याला शिकवलं होतं. त्यांनी रेघेकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मग ऑरेलच्या जाकिटाकडे पाहिलं.

"शुक्रवारी," ते म्हणाले, "कोण बसलं होतं?"

"मी."

"तू आता किती आहेस?"

ऑरेलने जाकिटाची बटणं काढली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पट्ट्याखाली दुमडलेली विजारीची चुणी दिसली. "एकशे अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला. "एप्रिलपासून. मी कुणाला सांगितलं नाही. मला शुक्रवारीच शंका आली होती, हार्लन. मी सोमवारी सांगणार होतो."

हार्लननी पुन्हा रेघेकडे पाहिलं आणि विचारलं, "दगड फुटला असता?"

"आज नाही. थोड्या दिवसांनी. आधी बहुधा टबाची कड गेली असती, मग दगड."

विनी त्यांच्या मागे उभी होती. तिच्या हातात अजून ताटली होती.

"काल त्यांचा पाय माझ्या हातात होता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तिने ताटली नेऊन स्वयंपाकघरात ठेवली, आणि ऑरेलने घेतलेला नव्हता तो डोनट पुन्हा त्याच्यापुढे आला नाही.

त्याने त्यांच्याच स्वयंपाकघरातून सिल्वियोला फोन केला. जुळवलेलं वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. त्याने सांगितलं, की पट्टी लवते, हार्लन काल तिच्यावर बसले, लोखंडी अँगल आणि दोन टेकू घेऊन ये; आणि हेही सांगितलं, की माझं वजन एकशे अठ्ठ्याऐंशी आहे. मग सिल्वियो म्हणाला, "निघालो."

वीस मिनिटांत तो आला. विनीपुढे टोपी काढून त्याने मान खाली घातली आणि सरळ न्हाणीघरात जाऊन चौकटीचं छोटं दार उघडून आत डोकं घातलं. दोघांनी मिळून टब भरला. सगळं सिलिकॉन पात्याने कापून काढलं. मग आतून एक छोटा जॅक लावून दगड केसभर उचलला, आडव्या लाकडाखाली अँगल सरकवला, आणि दाराच्या दोन्ही अंगांना लोखंडी टेकू देऊन त्याला जमिनीचा आधार दिला. पंपाकडे हात जायला जेमतेम जागा उरली. हेच काम शुक्रवारी केलं असतं तर दोन तास लागले असते. आताही दोनच तास लागले.

मधे एकदा, डोकं आतच असताना, सिल्वियो बोलू लागला. लाकडाच्या पोकळीतून त्याचा आवाज दुसऱ्या कुणाचा असावा तसा येत होता.

"गुलाम अडला होता."

ऑरेल पान्हा धरून थांबला.

"शुक्रवारी. मध्यावर अडला. मी थोडा तिरका केला, मग गेला." जरा वेळाने तो पुढे म्हणाला, "मला वाटलं, माझाच हात हलला असेल. नाही, खोटं बोलतोय. तसं नाही वाटलं मला. पुन्हा बस म्हणालो, तर तुझ्या लक्षात येईल की माझ्या लक्षात आलंय, असं वाटलं."

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"तू एप्रिलमध्ये आलास, मी मिठी मारली, तेव्हापासून. माझे हात पाठीमागे एकमेकांना लागले, ऑरेल. सव्वीस वर्षांत कधी लागले नव्हते."

ऑरेलने पान्हा त्याच्या हाती दिला. त्याला राग यायला हवा होता, किंवा निदान हलकं तरी वाटायला हवं होतं. अपराध दोघांत वाटला गेला होता. परंतु तो वाटला जाऊन कमी झाला नव्हता. एकाने दुसऱ्याची लाज राखली होती, दुसऱ्याने आपली, आणि त्या दोन लाजांच्या मधल्या फटीवर त्यांनी एका पांगळ्या माणसाला बसवलं होतं. काल हार्लननी ज्याला लाकडाचं बोलणं मानलं, ते तेच होतं.

पास करायची वेळ आली तेव्हा सिल्वियोने जाकीट काढलं. त्याचं वजन दोनशे दहा होतं. पण हार्लन वॉकर सरकवत आत आले होते.

"मी," ते म्हणाले.

विनी नको म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ती त्यांच्या बगलेखाली हात घालून उभी राहिली. सिल्वियोने दुसरी बाजू धरली. हार्लन सावकाश वळले आणि पट्टीच्या मध्यावर बसले, आपला सगळा भार टाकून, पाय जमिनीला न टेकवता.

गुलाम ऑरेलच्या हातात आला. सव्वीस वर्षांत त्याने तो कधी फिरवला नव्हता; तो नेहमी वर बसून समोरच्या भिंतीकडे पाहत असे. आता तो पाण्यावर ओणवा झाला आणि कोपऱ्यापासून पत्ता सरकवू लागला. तो किती पातळ आहे, आणि किती थोडक्या जागेवर एवढी वर्षं लोकांनी विश्वास ठेवला, हे त्याला बोटांत कळत होतं. मध्यावर येताच त्याने हात थांबवला, मागे घेतला आणि पुन्हा सरळ फिरवला. जराही तिरका न करता. मग दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

"जातोय?" वरून हार्लननी विचारलं.

"जातोय."

"पुन्हा फिरव."

त्याने पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा हार्लन काही म्हणाले नाहीत, तरी त्याने फिरवला.

नवं सिलिकॉन भरून झाल्यावर त्याने विनीला सांगितलं, की शुक्रवारपर्यंत टब वापरायचा नाही. तिने मान हलवली. तो क्षमा मागू लागला, तेव्हा तिने ऐकून घेतलं, पण त्याचं ओझं उतरावं असं ती काही बोलली नाही. तशी अपेक्षा ठेवणंही अन्यायाचं होतं, हे त्याला दिसत होतं. हार्लन मात्र दारापर्यंत आले.

"मला सांगायचं होतंस," ते म्हणाले. "मला तर कळलं असतं. बघ माझ्याकडे."

कारखान्यात परतल्यावर ऑरेलने दोन्ही सदरे आणि जाकीट काढून खुंटीला लावलं आणि बनियनवर दगड तोलायच्या काट्यावर जाऊन उभा राहिला. सिल्वियोने काटा पाहिला. एकशे सत्त्याऐंशी. चौकटीवर दोनशे बासष्टच्या खाली त्याने तो आकडा लिहिला, आणि लिहून झाल्यावर पेन्सिल कानावर न ठेवता हातातच धरून राहिला.

"एप्रिलपासून अजून तीन," ऑरेल म्हणाला.

सिल्वियोला कळायला क्षण लागला. मग तो खुर्चीवर बसला. मे महिन्यात तळ्याकाठचं ते घर, जूनमध्ये दंतवैद्याचं, ऑगस्टमध्ये टेकडीवरचं लामोरोंचं. तिन्ही ठिकाणी समोरची पट्टी, तिन्ही ठिकाणी टब भरलेला, आणि तिन्ही ठिकाणी बसणारा एकच.

"तिथे गुलाम अडला नव्हता," सिल्वियो म्हणाला. "खरंच. तिथे खांब जागच्या जागी आहेत."

"अडला असता की नाही, ते आपल्याला माहीत नाही," ऑरेल म्हणाला. "मी बसलोच नव्हतो."

सिल्वियोने विचारलं, मी फोन करू का. त्याच्या आवाजात तो हळूपणा आला होता, ज्याची ऑरेलला इतके दिवस धास्ती होती. आता तो ऐकू आला, आणि ऑरेल नाही म्हणाला. त्याने टेबलावरची वही ओढली, तळ्याकाठच्या घराचा नंबर शोधला आणि फिरवला. पलीकडे बाईने उचलला. मागे पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. भांडी घासत असावी, किंवा टब भरत असावी.

"मी ऑरेल पेल्टिए," तो म्हणाला. "तुमच्या टबाजवळच्या दगडावर मे महिन्यात मी बसून पाहिलं होतं. आज तिथे कुणाला बसू देऊ नका. का, ते सांगतो."